कोकराची हाक

वेल्डा वहिनीचं पत्र आलं त्याला नऊ वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही.

माझा थोरला भाऊ ऑरिन जाऊन तेव्हा सहा आठवडे झाले होते. पत्र लहान होतं. रेघांच्या कागदावर, मोठ्या अक्षरात, एकेक शब्द दाबून लिहिलेलं.

"एमेट, तुला त्रास देत नाही, एकच विचारायचं आहे. पर्लला बांधून ठेवायचा निरोप तू मला दिलास, त्या संध्याकाळचं मला बाकी सगळं आठवतं. काळ्या तोंडाची मेंढी जुळी व्याली ते आठवतं. कंदिलाची काच तडकलेली होती ते आठवतं. तू आलेला तेवढा आठवत नाहीस. ऑरिनने तुला सांगितलं होतं ना, की माझ्याकडून निरोप म्हणवून घे? मग मी काय म्हणाले? तेवढे शब्द लिहून पाठव. ते मिळाले तर कदाचित पुढचंही आठवेल. ऑरिनला विचारायचं राहिलं. त्या विषयावर तो बोलायचा नाही. वेल्डा."

टर्ली गावच्या शाळेत मी बेचाळीस वर्षं शिकवलं. मुलांना पत्रं लिहायला शिकवली. या पत्राला उत्तर लिहायला बसलो की तारीख आणि 'प्रिय वहिनी' यांच्या पुढे हात जात नसे. तिने पुन्हा विचारलं नाही. नाताळला तिचं कार्ड येई, माझं जाई. दोन्ही कार्डांत हवेबद्दल लिहिलेलं असे.

पुढचं मला नीट सांगता येईल की नाही याची खात्री नाही. जसं झालं तसं सांगतो.

एकोणीसशे त्र्याऐंशीचा मे महिना. वायोमिंगमधल्या आमच्या खोऱ्यात मेंढ्या त्याच सुमारास वितात. शाळेतून रजा काढून मी दर वर्षी ते दोन आठवडे ऑरिनकडे जाई. माझा फारसा उपयोग नव्हता. आईने नाकारलेल्या कोकरांना बाटलीने दूध पाजावं, मेलेली उचलावीत, दोर आणून द्यावा. एकच गोष्ट मला भावापेक्षा बरी येत असे, ती म्हणजे कोयोटला हाक घालणं.

कोयोट म्हणजे कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान, आणि अकलेने दोघांच्याही वर. आमच्या वडिलांनी लहानपणीच कामाची वाटणी केली होती. ऑरिनचा हात स्थिर, त्याला बंदूक. मला पिपाणी. बोटाएवढं लाकडाचं नळकांडं, आत एक पातळ पाती. ओंजळीत धरून फुंकलं की जखमी सशासारखी किंचाळी निघते. ती ऐकून कोयोट आयती शिकार समजून येतो. वडील म्हणत, "बंदूक कुणीही चालवेल. असं रडायला फक्त याला येतं." एवढं एकच कौतुक मला त्यांच्याकडून मिळालं.

त्या वर्षी रोज सकाळी तीन-चार कोकरं फाडलेली सापडत. नरडं धरलेलं, पोट उघडलेलं, दुधाने भरलेली आतडी तेवढी खाल्लेली. एखादं कोकरू आपलं आपण मेलं तर ऑरिन त्याचं कातडं सोलून पोरक्या कोकराच्या अंगात घाले. मेंढी वास घेई आणि त्याला आपलं म्हणून जवळ करी. कोयोटने मारलेल्यांचं घालण्याजोगं कातडंही उरत नव्हतं. दुधाने तटतटलेल्या मेंढ्या रिकाम्या कुरणात ओरडत हिंडत.

"असंच चाललं तर शरद ऋतूत कळप विकायचा," ऑरिन जेवताना म्हणाला. "मग मी टर्लीत येऊन तुझ्या शाळेत झाडू मारतो."

"तुला ठेवणार नाहीत," वहिनी म्हणाली. "तू थुंकतोस."

आदल्या शरदात घोड्याने तिला पाडलं होतं. तीन दिवस ती शुद्धीवर नव्हती. आता अंग बरं होतं, पण शब्द निसटत. मीठ हवं असलं की ती नुसता हात पुढे करून थांबे. एकदा कुरणाचं फाटक तिच्याकडून उघडं राहिलं आणि चाळीस मेंढ्या रस्त्यावर गेल्या. ऑरिन सगळ्यांना सांगे, "आमच्या घरात दोन चाळण्या आहेत. एक पिठाची, दुसरं हिचं डोकं." ती सगळ्यांबरोबर हसायची. हसताना बोटाने टेबलावरचा एखादा तुकडा गोळा करत राहायची.

कळपाच्या राखणीला पर्ल होती. अस्वलाएवढी पांढरी कुत्री. वहिनीने तिला डोळे उघडायच्या आत आणून कोकरांतच वाढवलं होतं. तिला आणि कोकरांना दूध एकाच बादलीतून मिळे. पर्लला कोयोटच्या वासापेक्षा कोकराचं रडणं आधी कळे. कुठे कोकरू अडकलं, एकटं पडलं, की पर्ल पुढे आणि वहिनी मागे. पण कुरण दोन मैल लांब आणि पर्ल एक.

पहिल्या सकाळी मी सशाची हाक घातली. समोरच्या टेकाडावर, बंदुकीच्या टप्प्याबाहेर, एक कोयोट येऊन बसला. शेपूट पायांशी घेऊन त्याने माझी हाक शेवटपर्यंत ऐकली. मग उठला, आळस दिला, निघून गेला.

"हा तुझाच विद्यार्थी असणार," ऑरिन म्हणाला. "आला, बसला, काही घेतलं नाही, गेला."

कारण मला माहीत होतं. ऑरिनने आणि शेजाऱ्यांनी अख्खा हिवाळाभर कातड्यांसाठी याच टेकाडांवरून हीच हाक घातली होती. नेम चुकलेला प्रत्येक कोयोट एक धडा शिकून गेला होता. एका जागेवर एकच आवाज पुन्हा पुन्हा काढला की तो आवाज म्हणजे बंदूक, हे त्यांना पाठ होतं. माझ्याकडे एक पुस्तिका होती, तिच्यात लिहिलं होतं की अशा वेळी आवाज बदलावा. ते खातात त्याचाच आवाज काढावा.

"कोकराचा," मी म्हणालो.

"पुस्तिकेवर कोयोटने सही केली आहे का?" ऑरिनने विचारलं. पण तो ऐकत होता.

मी गवताच्या गंजीमागे बसून सराव केला. पाती ओठाने दाबून धरली, श्वास तोडून तोडून सोडला. तिसऱ्या प्रयत्नात गंजीपलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. एक मेंढी तर कुंपणापाशी आली आणि मला हुंगू लागली. तिच्या सडांतून दूध ठिबकत होतं. तिचं कोकरू आदल्या दिवशी गेलं होतं. ऑरिन ते बघत उभा राहिला. तो म्हणाला, "उद्या हेच."

मग म्हणाला, "पर्लचं काय? हे ऐकलं तर ती डोंगर ओलांडून येईल."

"बांधून ठेवू."

"मला आत्ता वरच्या कळपाला गवत न्यायचंय, अंधार पडेल परतायला. तू वेल्डाला सांग. पहाटेच्या आत पर्लला शेडमध्ये साखळी घालायची आणि आपण येईपर्यंत सोडायची नाही. नुसतं सांगू नकोस, तिच्याकडून म्हणवून घे. मास्तर आहेस ना तू."

ऊन उतरल्यावर मी शेडकडे गेलो. दार अर्धं उघडं होतं. वहिनी पेंढ्यात बसली होती. काळ्या तोंडाची मेंढी नुकतीच व्याली होती, दोन कोकरं पायांवर उभी राहायची खटपट करत होती. वहिनीचे हात कोपरापर्यंत ओले होते. पर्ल तिच्या शेजारी पसरली होती. कुणाशी बोलते आहे म्हणून मी थबकलो.

"बादली," ती म्हणाली. "दोर. कात्री. कंदील."

एकेका वस्तूकडे बघून ती तिचं नाव म्हणत होती.

"पेंढा. फावडं. आणि हे..." तिने दुधाची बाटली उचलली. "हे. हे ज्याच्यातून... हे." तिने कपाळ मेंढीच्या कुशीला टेकवलं. खांदे हलू लागले. मेंढी उभीच होती. पर्लने डोकं उचलून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळाने वहिनीने तोंड वर केलं, गाल ओल्या मनगटाने पुसला, त्याला रक्त लागलं. "बाटली," ती म्हणाली. "बघ पर्ल, सापडली."

माझा हात कडीवर होता. आत गेलो तर मी ऐकलं हे तिला कळणार होतं. आणि वर तिच्याकडून, शाळेतल्या मुलीसारखा, निरोप म्हणवून घ्यायचा होता. मी पाऊल न वाजवता मागे सरलो. पहाटे आपणच उठून पर्लला बांधू, असं ठरवलं. तसं ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं की रात्री मी रश्शाच्या दोन वाट्या खाल्ल्या.

पहाटे मला जाग आली ती ऑरिनने हलवल्यामुळे. "चल, उजेड फुटतोय." ट्रक सुरूच होता. शेडमध्ये कंदील दिसत होता आणि पर्ल केव्हाच कळपाबरोबर खालच्या कुरणात गेली होती. फाटक लावून मी आत चढलो तेव्हा त्याने विचारलं, "सांगितलंस तिला?"

"हो."

"म्हणवून घेतलंस?"

"हो."

खालचं कुरण उलट्या दिशेला होतं. तिकडे वळलो असतो तर उजेडाची वेळ गेली असती, आणि ऑरिन म्हणाला असता, एवढंही जमलं नाही मास्तर. माझ्या तोंडून 'हो' निघालं ते याच्यासाठी. दुसरं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, मिळालं नाही.

ट्रक टेकडीआड लावला. दार न आपटता नुसतं टेकवलं. घळीतून अर्धा मैल चालून गेलो. गवतावर दहिवर गोठलेलं होतं. मी एका झुडपाला पाठ लावून बसलो, सूर्य मागे येईल असा. ऑरिन माझ्यापासून ऐंशी पावलांवर, वारा माझ्यावरून जिकडे वाहत होता त्या बाजूला. कोयोट आवाजावर सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, वास घेतो, मगच पुढे येतो. बंदूक तिथेच असावी लागते.

हाक घालताना मी डोळे मिटतो. लहानपणची सवय. आधी हलकेच, कारण एखादा जवळच असायचा. मग जोरात, अर्धा मिनिट. मग थांबायचं. दोन मॅगपाय पक्षी उडत येऊन झुडपावर बसले. पक्षी फसले म्हणजे आवाज बरा जमला. मी दुसऱ्यांदा फुंकलं. थांबलो.

तेवढ्यात सूर्य वर आला आणि वारा फिरला. इतका वेळ तो डाव्या गालाला लागत होता, आता मानेला लागला. म्हणजे माझा आवाज तो खालच्या कुरणाकडे नेत होता. हे मला कळलं. पर्ल आठवली. कुरण दीड मैल खाली आहे, एवढ्या लांब काय ऐकू जाणार, असं मी मनाशी म्हणालो. ऑरिनने हाताने खूण केली आणि जागा बदलली, पुन्हा वाऱ्याखाली गेला. मी डोळे मिटले आणि तिसऱ्यांदा फुंकलं.

विण्याच्या दिवसांत पर्लचा पांढरा रंग उरत नसे. चिखल, व्यालेल्या मेंढ्यांची वार, वाळलेलं रक्त, यांनी ती वसंतातल्या कोयोटसारखीच मळकट दिसे. झुडपांतून खाली मान घालून धावणारं एक मळकट अंग ऑरिनला दिसलं, तेही क्षणभर. शिकलेला कोयोट क्षणाहून जास्त वेळ देत नाही. त्याने गोळी झाडली.

वडिलांनी शिकवलं होतं, गोळी सुटली तरी हाक थांबवायची नाही. कोयोट जोडीने येतात. हाक चालू राहिली तर दुसरा बिचकूनही घटकाभर थांबतो, ऑरिनला दुसरी गोळी मिळते. म्हणून मी डोळे न उघडता फुंकत राहिलो. चांगलं फुंकत होतो. ऑरिन काहीतरी ओरडला, मी फुंकत राहिलो. मग धावती पावलं आली आणि त्याने माझ्या हातावर फटका मारून पिपाणी उडवली.

पर्ल माझ्यापासून वीस पावलांवर होती. तिचं मागचं अंग गेलं होतं. गोळी लागल्या जागेपासून इथपर्यंत दहिवरात एक काळी रेघ उमटली होती. पुढच्या दोन पायांवर ती स्वतःला ओढत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या आजूबाजूच्या गवतात कोकरू शोधत होती.

ऑरिनने दुसरी गोळी तिच्याजवळ जाऊन, तिच्या डोक्यावर हात ठेवून घातली. मग तिथेच खाली बसला. मॅगपाय उडून गेले होते.

"तिने बांधली नाही," तो म्हणाला.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. पिपाणी शोधतो आहे असं दाखवत मी गवतात हात फिरवत राहिलो.

त्याने आपला कोट पर्लवर घातला आणि तिला स्वतः उचलून ट्रकपर्यंत नेलं. मला हात लावू दिला नाही. आम्ही शेडपाशी पोचलो तेव्हा वहिनी दोन्ही हातांत बाटल्या घेऊन बाहेर येत होती.

"काय रे, मिळाला का एखादा?" तिने विचारलं. मग तिला कोट दिसला, कोटाबाहेर आलेला पंजा दिसला. तिने बाटल्या खाली ठेवल्या. एक कलंडली, दूध पेंढ्यात गेलं.

"तुला निरोप दिला होता," ऑरिन म्हणाला. तो ओरडला नाही. "बांधून ठेव म्हणून. एवढं एकच काम."

"कसला निरोप?"

"एमेटने दिला. तुझ्याकडून म्हणवूनही घेतला."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत आरोप नव्हता. वर्गात उत्तर येत नसलं की मूल शेजारच्याकडे बघतं, तसं तिने पाहिलं.

"एमेट, तू आला होतास?"

"आलो होतो," मी म्हणालो. "संध्याकाळी. काळ्या तोंडाची व्याली तेव्हा."

हे खरं होतं. म्हणूनच ते म्हणता आलं.

वहिनीने शेडच्या दाराकडे पाहिलं, आतल्या मेंढीकडे पाहिलं. एकेक वस्तू नजरेने तपासत राहिली, तिच्यात कुठे मी दिसतो का म्हणून. मग तिने कपाळाला हात लावला. घोड्याने पाडलं तेव्हा फुटलं होतं तिथे.

"मग सांगितलंच असशील," ती म्हणाली. "माझंच. माझंच डोकं." ती खाली बसली आणि कोटातून पर्लचा पंजा काढून दोन्ही हातांत धरला. "मी विसरले गं. मी विसरले."

ऑरिन तिला पुढे कधी टाकून बोलला नाही. चाळणीचा विनोदही त्याने बंद केला. फक्त तिच्याजवळ निरोप ठेवणं सोडलं. कुणाचा फोन आला आणि तिने घेतला तर तो म्हणे, "थांबा, मलाच सांगा." ट्रकची किल्ली तो खिशात ठेवू लागला. फाटकं स्वतः जाऊन बघू लागला, ती लावून आली असली तरी. वहिनी चिठ्ठ्या लिहू लागली. चहाच्या डब्यावर, दारावर, आपल्या बाहीवर टाचून. डॉक्टर म्हणाले होते की वर्षभरात शब्द परत येतील, आणि ते आलेही. मी स्वतः ऐकलं, तिला पुन्हा कुठला शब्द शोधावा लागत नव्हता. पण चिठ्ठ्या राहिल्या. आपल्यावर विसंबू नये, हे ती शिकली होती.

त्या वसंतात राखण नसलेल्या कळपातली निम्म्याहून जास्त कोकरं गेली. शरदात कळप विकला. ऑरिन परगण्याच्या रस्त्यांवर बर्फ उपसायच्या गाडीवर कामाला लागला, आणि शेवटपर्यंत तेच करत होता. मी पुन्हा कधी हाक घातली नाही. कुणी विचारलंही नाही.

गेल्या सोमवारी रोवीनाचा फोन आला. ही त्यांची मुलगी. ते घडलं तेव्हा ती लांब शिकायला होती. आता आयडाहोत असते, तिलाही नातवंडं आहेत.

"काका, शनिवारी मी आईला न्यायला येते आहे," ती म्हणाली. "वृद्धाश्रमात जागा मिळाली. म्हटलं तुम्हाला कळवावं, भेटायचं असेल तर."

"तिला काय झालंय?"

"झालं काहीच नाही. तेच तर. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, अजून स्वतः चूल पेटवते, परवापर्यंत कोंबड्या पाळत होती. डॉक्टर म्हणतात राहू दे घरी. तीच ऐकत नाही. म्हणते, मला एकटीला ठेवू नका, माझ्या हातून काय होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, अगं पण आजवर काय झालंय तुझ्या हातून? तर तुम्हाला माहितीये का काय म्हणाली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणाली, एमेटला विचार. मी पर्लला मारली." रोवीना थांबली. "छत्तीस वर्षं झाली हो काका. एक कुत्री. घर सोडायचं म्हणून कोंबड्या वाटून टाकल्या तिने. बाहेरच्या बाकावर बसून असते नुसती."

"शनिवारी किती वाजता?" मी विचारलं.

"सकाळी. का?"

"नाही, असंच."

फोन ठेवल्यावर मी वहिनीचा नंबर दोनदा फिरवला. दोन्ही वेळा घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. तिने पत्र लिहून विचारलं होतं. कागद काढला. या वेळी आधीचे कागद पाहिले नाहीत. तारीख घातली, आणि लिहिलं:

"प्रिय वहिनी, त्या संध्याकाळी तू काहीच म्हणाली नाहीस, कारण मी तुला काही सांगितलंच नाही. मी शेडच्या दारापर्यंत आलो होतो. तू वस्तूंची नावं म्हणत होतीस. बाटली हा शब्द तुला सापडेना, मग सापडला, तो मी ऐकला. मला आत यायची लाज वाटली आणि मी परत गेलो. सकाळी ऑरिनला सांगितलं की निरोप दिला. नंतर तुलाही तेच सांगितलं. तू काहीही विसरली नव्हतीस, तेव्हाही नाही आणि तुझ्या पत्रापर्यंतही नाही. वारा फिरला तेव्हा मला पर्ल आठवली होती, तरी मी हाक घातली. रोवीनाला हे पत्र दाखव. ऑरिनला दाखवता येणार नाही, तो दोष माझा. एमेट."

'क्षमा' हा शब्द मी लिहिला होता, मग नवा कागद घेऊन तो गाळला. तिच्याकडे आणखी काही मागणं बरं दिसलं नाही.

मंगळवारी पोस्ट उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन उभा राहिलो. पेटीत टाकलं असतं तर कदाचित परत मागायला आलो असतो, म्हणून खिडकीवरच्या बाईच्या हातात दिलं. तिने पत्ता वाचला.

"हे तर इथलंच, बारा मैलांवरचं. पण आधी छाननीला बाहेरगावी जाईल, मग परत येईल. गुरुवारी मिळेल त्यांना."

"शनिवारच्या आत?"

"गुरुवारी, म्हटलं ना. साधंच पाठवायचं?"

"साधंच."

तिने शिक्का मारला आणि पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं. ते आतल्या दुसऱ्या पत्रांखाली कुठेतरी गेलं, दिसेनासं झालं. माझ्यामागे कुणीतरी तिकिटांसाठी उभं होतं. मी बाजूला झालो.